पल्लवीचं वय

वाळूनं भरलेला डबा कृपानं खांद्याच्या उंचीवरून खाली सोडला. तो फरशीवर आदळला, उसळला आणि कुशीवर पडला. तिनं खाली बसून चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. तिसऱ्या कोपऱ्याशी केसाएवढी चीर गेली होती. सकाळपासूनचा हा सातवा डबा. ‘कोपरा अजून गोल हवा’ असं वहीत लिहून तिनं आठवा उचलला.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा प्लॅस्टिक कारखान्यात कृपा डब्यांचे आराखडे करायची. वय अठ्ठावीस. राहायला नगरला, वडील यशया सर निवृत्त शिक्षक. स्वभावानं ती भित्री. कुणी आवाज चढवला की तिच्या हाताला घाम फुटायचा. त्या हिवाळ्यात मालक सुहास सरांनी तिला वेगळंच काम दिलं होतं. ऊसतोडणीला येणाऱ्या कुटुंबांसाठी धान्याचे डबे करायचे. एकावर एक पाच बसले पाहिजेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दिवसभर हादरे खाऊन फुटता कामा नयेत, आणि उंदराला दात लावायला कड सापडता कामा नये. तोडणीच्या टोळ्या आणणारे मुकादम सांगतील ती वस्तू टोळीत खपते, म्हणून सरांनी दोन-तीन मुकादमांशी आधीच बोलून ठेवलं होतं.

असा डबा टेबलाशी बसून सुचत नाही, एवढं कृपाला कळत होतं. म्हणून दर गुरुवारी ती एसटीनं राहात्याला आणि तिथून जीपनं पुणतांब्याच्या बाजूला जाई. तिथल्या एका माळावर शंभरेक कोप्या होत्या, उसाच्या पाचटाच्या, कमरेत वाकून शिरायच्या. त्यातल्या साळूबाईच्या कोपीत तिनं सुरुवातीचे सहा गोल डबे वापरायला दिले होते.

साळूबाई जामखेड तालुक्यातली. कृपापेक्षा तीनच वर्षांनी मोठी, पण दिसायला पंचेचाळिशीची. ती आणि नवरा ज्ञानेश्वर पहाटेच फडात जात. मागं कोपी सांभाळायची थोरली पल्लवी. दोन धाकट्यांना खाऊ घालणं, पाणी, भाकरी, सगळं तिच्यावर. गावच्या शाळेत आठवीत नाव होतं, पण दिवाळीनंतर ती शाळेत गेली नव्हती.

डब्यांची खरी पारख पल्लवीनं केली. कोपीतली जमीन उंचसखल, गोल डब्यांची चळत तिसऱ्याच दिवशी कलंडली. चौकोनी करा, म्हणजे कुडाला पाठ लागेल, असं तिनं सांगितलं. झाकणाची जीभ बाहेर राहते, तीच उंदीर आधी कुरतडतो. कडेवर लेकरू असतं, तेव्हा झाकण एका हातानं निघालं पाहिजे. ट्रॉलीत बांधताना दोरी घसरते, तिला बसायला खाच हवी. कृपाच्या वहीतल्या निम्म्याहून जास्त सुधारणा त्या पोरीच्या होत्या. शिकलीस तर माझं काम तुला माझ्याहून चांगलं जमेल, असं कृपा तिला एकदा म्हणाली होती. पल्लवी तोंडावर हात धरून हसली होती.

त्या गुरुवारी कृपा चौकोनी डब्यांचा नवा संच घेऊन माळावर उतरली, तर पल्लवी नेहमीसारखी धावत आली नाही. साळूबाई मात्र दिवसाढवळ्या कोपीतच होती, फडात गेली नव्हती. तिनं चहा ठेवला. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग नव्या डब्यांवरून हात फिरवत म्हणाली,

“हे राहू द्या, ताई. रुखवतात मांडायला व्हतील.”

“कुणाच्या?”

साळूबाईनं कोपऱ्याकडं पाहिलं. पल्लवी गुडघ्यात मान घालून बसली होती. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या.

लग्न रविवारी होतं, तीन दिवसांवर. मुलगा त्यांच्याच टोळीचा मुकादम श्रीमंत याचा पुतण्या, चोविशीचा. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पुरुषाला टोळीत कुणी घेत नाही. पुढच्या हंगामाला पुतण्याची जोडी लागायला हवी होती, म्हणून श्रीमंतनं सोयरीक घातली आणि ज्ञानेश्वरनं मान डोलवली. मुकादमाला नाही म्हटलं तर पुढच्या साली टोळीत कोण घेणार?

कृपा म्हणाली की ती चौदा वर्षांची आहे, हा गुन्हा आहे. साळूबाई चिडली नाही. ती हळू आवाजात बोलायला लागली.

“मला कळत न्हाई व्हय, ताई? मी पंधराव्या वर्षी उभी ऱ्हायले बोहल्यावर. पर मी पहाटं उसात जाते, ही हितं येकटी. कोपीला दार न्हाई, पडदा हाय. परवा सांजच्याला आले तर कोन तरी मानूस पडद्यापाशी उभा. मला बघून निगून गेला. तवापासनं माजा कोयता चालंना. पोरीचं काय झालं तर मी कुनाला सांगू? लगीन झालं म्हंजी निदान नवरा तरी ऱ्हातो मागं.”

कृपानं त्या पडद्याकडं पाहिलं. जुन्या साडीचा तुकडा होता, वाऱ्यानं आत येत होता.

साळूबाई धाकट्याला घेऊन पाण्याला गेली, तेव्हा पल्लवी पहिल्यांदा बोलली. मागच्या साली तिची मावसबहीण अशाच एका माळावर बाळंत होताना गेली होती. पंधरा वर्षांची. बाळ आडवं आलं आणि गाडी मिळेपर्यंत उजाडलं. कोपीत पल्लवी तिच्या उशाशी बसली होती.

“तिनं माजा हात धरला व्हता,” पल्लवी म्हणाली. “ताई, मला लई भ्या वाटतंय.”

कृपा बाहेर आली. वाटेवर मोटारसायकल आडवी लावून श्रीमंत उभा होता. पांढरा शर्ट, हसरा चेहरा. त्यानं डब्यांची चौकशी केली, माल चांगला दिसतो म्हणाला, सुहास सरांना नमस्कार सांगितला. मग तसाच हसत म्हणाला,

“राहात्याहून साडेपाचची गाडी असती न्हवं तुमची? खिडकीपाशी बसता दर खेपंला. येकट्या बाईमानसानं जपून ऱ्हावं, ताई. डब्याचं काम करावं, दुसऱ्याच्या घरात लक्ष घालू नये.”

ती साडेपाचच्या गाडीनं गेली नाही. स्टँडवर दोन गाड्या सोडल्या आणि तिसरीत मागं, बायकांच्या घोळक्यात बसून राहिली. नगर येईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

शुक्रवारी तिनं सुहास सरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि अशा गोष्टी सगळीकडं होतात, आपण काय काय थांबवणार, असं म्हणाले. श्रीमंतसारख्या माणसाला दुखावलं तर एकाही टोळीत डबा जाणार नाही. “आपण डबे करतो, कृपा. तेवढंच करू.” ती आपल्या टेबलाशी परत आली. आराखड्यावर दोरीची खाच काढायला घेतली, पण रेघ सरळ येईना.

बालकांच्या हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ होता, १०९८. दुपारी कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन तिनं तो लावला आणि पलीकडून आवाज येताच कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. साडेपाचची गाडी, खिडकीची जागा. त्याला एवढं माहीत होतं, तर तिचं घरही माहीत असेल.

शनिवारी सकाळी तिनं वडिलांना सांगितलं. यशया सरांनी स्वतःची एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या वर्गातली एक हुशार मुलगी उन्हाळ्याच्या सुटीनंतर आलीच नाही. लग्न झालं, असं मुलं म्हणाली. सरांनी हजेरीपटावरचं नाव खोडलं आणि पुढचं नाव पुकारलं. तिच्या घरी गेले नाहीत.

“मी तुला कळव म्हणणार नाही,” ते म्हणाले. “मलाही तुझ्यासाठी भीती वाटते. पण नाव खोडायला फार वेळ लागत नाही, एवढं मला माहीत आहे. आणि ते नाव मला अजून आठवतं.”

कृपानं त्यांच्यासमोरच नंबर लावला. या वेळी कापला नाही. तुमचं नाव कुणाला कळणार नाही, असं पलीकडच्या बाईंनी सांगितलं. मग त्यांनी मुलीचं नाव, वय, जागा विचारली. शंभर कोप्या, एकीलाही नंबर नाही, सगळ्या सारख्या. नेमकी कोणती, हे दाखवायला कुणी आहे का? मी येते, कृपा म्हणाली.

रविवारी सकाळी माळावर जीपमधून बालसंरक्षण कक्षाच्या अधिकारी बाई, ग्रामसेवक आणि दोन पोलीस उतरले. त्यांच्या मागोमाग कृपा. कोपीपुढं साडीचा मांडव होता. एका बाजूला चुलीवर भात शिजत होता. पल्लवी पिवळ्या साडीत पाटावर बसली होती. साडी मोठी झाली होती, म्हणून जागोजागी पिना लावल्या होत्या.

श्रीमंत पुढं आला. त्यानं आधी कृपाकडं पाहिलं, मग हात जोडले. मुलगी सज्ञान आहे, म्हणाला, आणि एक झेरॉक्स काढून दिली. कागदावर जन्मसाल असं होतं की वय अठरा भरत होतं. ज्ञानेश्वर खाली मान घालून व्हय, व्हय करत होता. शाळेचा दाखला कुठं? गावाला. शाळा? आज रविवार. तोवर माणसं गोळा झाली, चाळीस, पन्नास, साठ. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, गरिबाच्या कार्यात विघ्न आणायला बऱ्या येतात बाया. एक पोलीस हळूच मागं सरकला. मुलीला वयाच्या तपासणीसाठी न्यावं लागेल, असं अधिकारी बाईंनी सांगितलं, तसा गलका वाढला. ट्रॅक्टरच्या चालकानं गाडी जीपच्या तोंडाशी आडवी आणून लावली. कृपाला वाटलं, आता आपण इथून जात नाही.

अधिकारी बाईंचाही आवाज कापत होता. पण त्या साळूबाईपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही आई आहात. तुम्ही सांगा. वय काय हिचं?”

साळूबाईच्या हातात हळदीची वाटी होती. ती नवऱ्याकडं बघेना, श्रीमंतकडंही बघेना. श्रीमंत शांतपणे म्हणाला, “सांग की, साळूबाई. इचार करून सांग. पुढच्या साली बी पोटाला लागतंय.”

वाटी तिच्या हातातून सुटली. पायावर हळद सांडली. ती खाली बसली, पल्लवीच्या शेजारी, आणि पोरीच्या खांद्यावर हात टाकून तिनं मान वर केली.

“चौदा,” ती म्हणाली. “नागपंचमीला चौदा भरली. त्यो कागद खोटा हाय. लिवून घ्या, मी अंगठा न्हाई, सही करते.”

चुलीवरचा भात करपायला लागला होता, त्याचा वास सगळीकडं पसरला. ट्रॅक्टरवाल्यानं गाडी मागं घेतली.

त्याच दुपारी श्रीमंतनं साळूबाईचं कुटुंब टोळीतून काढलं. शेजारच्या बायकांनी निरोपाला तोंडसुद्धा दाखवलं नाही. पोलिसांनी मिळवून दिलेल्या टेम्पोत सामान चढलं. ज्ञानेश्वर बायकोशी एक शब्द बोलत नव्हता; बोलायला लागायला त्याला महिना गेला. पल्लवीला जामखेडच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. तिला आठवी पुन्हा करावी लागणार होती. सुहास सर कृपाशी आठवडाभर तुटक वागले. मुकादमांनी डबा नाकारला. सरांनी मग तोच डबा आठवडी बाजारात ठेवला, तिथं तो बरा खपला.

कृपाची भीती काही गेली नाही. ती एसटीची वेळ बदलत राहिली. मागं मोटारसायकल आली की ती अजून कडेला थांबून आधी तिला पुढं जाऊ देते.

एप्रिलमध्ये तिला साळूबाईचा फोन आला. ती आणि ज्ञानेश्वर आता गावाजवळ रोजंदारीला जात होते. गावात लोक तिला टाकून बोलतात, पाण्यावर बायका बाजूला सरकतात, हे तिनं सहज सांगावं तसं सांगितलं. मग आवाज खाली केला. खालच्या आळीला अजून एक पोरगी होती. तेरा वर्षांची. लग्न मंगळवारी. मुलीची आई रोज रडते, पण तोंड उघडत नाही.

“मी त्यो नंबर लावला व्हता, ताई. पलीकडून बाई बोलली अन् माजी वाचाच बसली. तुमी लावा.”

कृपानं कागद पुढं ओढला. मुलीचं नाव लिहून घेतलं, आळी लिहून घेतली. मग म्हणाली की तुमचं नाव कुठं येणार नाही, काळजी करू नका.

पलीकडं साळूबाईनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

“न्हाई, येऊ द्या,” ती म्हणाली. “त्या पोरीच्या आईला कळू द्या कुनी कळवलं ते. तिला वाटतंय, ती येकटीच हाय.”