मीर्लचा हात

त्या सिनेमात माझ्या भाचीचा फक्त हात आहे. मनगटापासून पुढे. तेवढ्या हाताने तिचं आयुष्य गिळलं.

वॉर्साची सिनेमा कंपनी आमच्या ज्यू गावात आली ती ‘खरं’ काहीतरी शोधत. दिग्दर्शक लेम्बर्स्की उठता-बसता म्हणायचा, “मला सगळं खरं पाहिजे.” मांडव खरा, वाजंत्री खरे, दाढ्या खऱ्या. गावातल्या लग्नांची स्वयंपाकीण मी, त्यामुळे पंगतीचा मासा आणि वेणीचे पावही माझेच. खोटी होती ती फक्त नवरी. ती वॉर्साची नटी, नखं लालभडक. नवरीच्या तोंडावर घुंगट असतो, त्यामुळे तोंडाचं निभलं. पण अंगठी घालताना हात दिसणार.

लेम्बर्स्कीने अंगणभर नजर फिरवली, तर मीर्ल बसलेली हंसाची पिसं उपटत. बोटं लाल, फुटलेली.

“हा हात!” तो ओरडला. “हा खरा हात!”

मीर्ल माझ्या बहिणीची पोर, आई गेल्यापासून माझ्याच चुलीशी वाढलेली. खोगीर शिवणाऱ्या आन्शेल काट्झशी तिचं ठरलं होतं, शवुओतचा सण झाला की लग्न. ती लाजून म्हणाली, “मावशी, हातच तर मागतायत. जाऊ?”

मी लेम्बर्स्कीला म्हटलं, “साहेब, नाटकवाले अंगठी घालताना म्हणायच्या वाक्यातला एखादा शब्द गाळतात. तुम्हीही गाळा.”

“का बरं?”

“लग्न लागू नये म्हणून.”

तो इतका हसला की चष्मा पडला. “मावशी, तुम्हालाच सिनेमात घ्यायला हवं होतं!”

नवरदेव झालेला माक्स पेर्लोव्ह मूळचा चांगल्या घरचा, आजोबा धर्मपंडित. कंपनीची अंगठी मीर्लच्या पिसं उपटून सुजलेल्या पेरावर अडकली. पुढे जाईना. या शहाण्याने काय करावं? स्वतःच्या बोटातली काढली, बापाने दिलेली, साधी, बिनखड्याची. घातली. आणि घरी शिकलेलं सगळं वाक्य, एक अक्षर न गाळता, मोठ्या ऐटीत म्हटलं: या अंगठीने तू माझी झालीस, मोशेच्या आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे. शेजारी साक्षीदार म्हणून उभे होते ते आमचेच गेट्सल पिंपवाला आणि हेर्श-बेर. दोघंही शब्बाथला, विसाव्याच्या शनिवारी, काडीसुद्धा न ओढणारे, म्हणजे धर्माला चालणारे साक्षीदार. खऱ्या दाढ्या हव्या होत्या ना!

हे तिथेच मिटलंही असतं. पण गेट्सलचं तोंड म्हणजे तळ नसलेलं पिंप. शुक्रवारी न्हाणीघरात वाफेत बसून तो म्हणाला, “लग्न कसं एक नंबर लागलं! मी साक्षीदार होतो, बोट ठेवायला जागा नाही.” रविवारी धर्मगुरूंचं, आमच्या रब्बींचं, बोलावणं आलं.

रब्बींनी तीनच गोष्टी विचारल्या. अंगठी कोणाची? वाक्य पूर्ण होतं का? साक्षीदार कोण? उत्तरं ऐकून त्यांनी डोळे मिटले.

“रब्बी, अहो, ती मस्करी होती,” मी म्हटलं.

“मस्करीतली लग्नंही लागतात, त्रैने. निदान शंका राहते. आणि शंका राहिली की काडीमोड घ्यावाच लागतो.”

“मग घेते की. आजच घेते.”

मग मला आठवलं. आन्शेल काट्झ हा कोहेन, म्हणजे पुरोहिताच्या कुळातला. कोहेनला काडीमोड घेतलेली बाई चालत नाही. शंकेपोटी घेतलेला असला तरी नाही.

म्हणजे काडीमोड घेतला तर आन्शेल गेला, आणि नाही घेतला तर ती त्या नटाची बायको.

एकच दार उरलं होतं. अंगठी पेर्लोव्हच्या स्वतःच्या मालकीची नसेल तर लग्नच नाही. मी खाणावळीत गेले. तो अंडं सोलत होता.

“पेर्लोव्हसाहेब, रब्बींना सांगा, अंगठी कंपनीची होती.”

“पण बाबांनी मला दिलेली आहे ती.”

“ठाऊक आहे मला. तरी सांगा.”

“खोटं बोलू? रब्बींसमोर?” त्याने अंडं खाली ठेवलं. “नाही हो मावशी. तेवढं मात्र माझ्याने होणार नाही.”

ज्याचं पोट खोटं रडण्यावर नि खोटं मरण्यावर चालतं, त्याला नेमकी त्या दिवशी सत्याची उबळ आली! मी म्हटलं, “अरे मेल्या, आयुष्यात एकदाच खरं बोलायचं ठरवलंस, तेही माझ्या पोरीच्या जिवावर?” वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर परवडलं असतं, वाईट माणूस खोटं बोलला असता.

काडीमोड रब्बींच्या स्वयंपाकघरात झाला. मीर्लने ओंजळ केली, पेर्लोव्हने कागद ओंजळीत टाकला. लेम्बर्स्की दारात उभा राहून हळूच म्हणाला, “हेसुद्धा कॅमेऱ्यात घेता आलं असतं तर...” मी झारा उचलला. तो गेला.

आन्शेल संध्याकाळी कुंपणाशी आला. “मावशी, मी कोहेन नसतो तर...”

“मग नको ना होऊस! कोण मोजायला बसलंय?”

“बाबांना काय सांगू?”

“सांग की मावशीने शिव्या दिल्या.” आणि खरंच दिल्या मी. बराच वेळ. तो ऐकून घेत उभा राहिला. त्याचा तरी काय दोष होता! पण माझ्या हाताशी तोच होता.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणावर अन्याय झाला तर त्याने, मग ती विधवा का असेना, शब्बाथला प्रार्थनागृहात पुढे जाऊन वाचनाच्या मेजावर हात आपटायचा. त्याचं ऐकून घेईपर्यंत धर्मग्रंथाचं वाचन बंद. मी आपटला नाही. आपटून काय करू? ज्यांनी केलं ते वॉर्सात.

पुढच्या वर्षी सिनेमा गावात आला. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. सगळं गाव स्वतःला बघायला लोटलं. “तो बघ माझा बैल!” “अगं, नीट बघ, तो तुझा नवरा!” मीर्ल माझ्या शेजारी बसली होती, हात ॲप्रनखाली. मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, “माझंच लग्न आहे मावशी, मी नको यायला?”

मग तो हात आला. दरवाजाएवढा. सुजलेलं पेर दिसलं, त्यावरून सरकणारी अंगठी दिसली. बाया हुंदके द्यायला लागल्या. मागून कुणीतरी नवरीला शुभेच्छा देत ओरडलं, “माझल टोव!” आणि टाळ्या पडल्या.

मी उठले. पडद्याखालच्या लाकडी मंचापाशी जाऊन तळहात आपटला. एकदा, दोनदा. सिनेमातला अख्खा मांडव यंत्राच्या उजेडात माझ्या डोक्यावरच्या रुमालावर हलत होता.

“वाचन बंद!” मी म्हटलं.

टाळ्या जागच्या जागी विरल्या. या गावात त्या आवाजाचा अर्थ तान्ह्या पोरालाही कळतो. यंत्रवाला मात्र बाहेरगावचा. तो ओरडला, “म्हातारे, बाजूला हो!” तेव्हा गेट्सल उठला, तोच गेट्सल, आणि जाऊन त्याने आपली टोपी यंत्राच्या डोळ्यावर धरली.

“मला एवढंच सांगा,” मी अंधारात म्हटलं, “हे लग्न होतं की नव्हतं? नव्हतं, तर माझ्या पोरीला तिचा आन्शेल परत द्या. आणि होतं, तर काडीमोड झालेल्या लग्नात टाळ्या कसल्या वाजवता?”

रब्बी तिथे नव्हते, ते सिनेमाला येत नाहीत. आन्शेल होता, दाराशी. कुणी उत्तर दिलं नाही. कुणी ‘खाली बसा’ही म्हटलं नाही. रीत अशी आहे की उत्तर मिळेपर्यंत वाचन पुढे सरकत नाही.

मी उभी राहिले. थोड्या वेळाने मीर्ल येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, आणि ॲप्रनखालून हात काढून तिने मंचावर ठेवला.

तो सिनेमा आमच्या गावाने अजून पुरा पाहिलेला नाही.