टँकर बंद झाल्यावर

ठाण्याजवळच्या दिवा गावात सकाळचे सहा वाजले आहेत. मेघनाला ताप भरला आहे.

तो ताप मी आणला. मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे, माणसांपेक्षाही जुना. माकडांच्या अंगातही मी असतो. डॉक्टर मला इंटरल्यूकिन-सहा म्हणतात. शरीरात शत्रू शिरला की पेशी मला घडवतात. मी रक्तातून धावतो, अंग तापवतो, लढणाऱ्या पेशींना बोलावतो. पूर्वी मेघनाच्या पायात खिळा घुसला होता, तेव्हा माझा फार उपयोग झाला.

पण आता तिच्या रक्तात एचआयव्ही आहे, आणि तो लढणाऱ्या पेशींमध्येच घर करतो. मी ज्यांना मदतीला बोलावतो, त्याच त्याच्या तावडीत सापडतात. त्या मरतात, म्हणून मला आणखी घडवलं जातं. मी आणखी बोलावतो. आफ्रिकेतल्या काही माकडांत याच विषाणूचे भाऊबंद असतात. तिथे माझ्यासारखे निरोपे थोडा वेळ ओरडून गप्प होतात, आणि ती माकडं सहसा आजारी पडत नाहीत. मला इथे गप्प होता येत नाही. कसं व्हायचं, ते कोणी शिकवलंच नाही.

विषाणूला दाबून ठेवत होती ती रोजची गोळी. नवरा गेल्यापासून मेघना सासू शांताबाई आणि धाकटी जाऊ प्रीती यांच्याबरोबर एका खोलीत राहते. तिचा आजार दोघींना ठाऊक नाही. सकाळी टँकर आला की दोघी कॅन घेऊन खाली धावायच्या. तेवढ्यात मेघना तांदळाच्या डब्यात लपवलेली बाटली काढून गोळी घ्यायची.

मग खोलीत नळ आला. टँकर बंद झाला. खोली कधी रिकामी होईना. आज घेते, उद्या घेते म्हणता म्हणता गोळी सुटली.

"ताई, आमचं कॅन उचलणं गेलं आणि आता दमायला तुम्ही लागल्या होय?" प्रीती परवाच हसली होती.

आता शांताबाईंनी मेघनाच्या कपाळावर हात ठेवला आहे.

"अगं, भट्टी झालीये नुसती. किती अंगावर काढशील? काय होतंय ते बोल ना."

"सांगते आई. प्रीती जाऊ दे."

"ती गेली केव्हाच घोडबंदरला कामाला. मीच आहे. बोल."

मित्रांनो, मला शब्द नाहीत. ताप हीच माझी हाक. कोणाचं अंग तापलेलं दिसलं तर हात ठेवा, आणि नंतर जे कानावर येईल ते ऐकून तो काढून घेऊ नका.

मेघनाने तांदळाचा डबा पुढे ओढला आहे. झाकण अजून उघडलेलं नाही. शांताबाईंचा हात अजून तिच्या कपाळावर आहे.