यमकं थांबल्याची नोंद

“थुंकायचंच ना, डॉक्टरीणबाई? मग त्याला नळी कशाला, एवढा रस्ता पडलाय!”

नऊ वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज तिच्या कानात अजून जसाच्या तसा होता. वॉर्डातल्या खाटेवर मांडी ठोकून बसलेला तो पाट्या रंगवणारा पेंटर. नखांत निळा रंग, सात रात्रींच्या जागरणाने लाल झालेले डोळे, आणि जिभेवर यमकांचा पाट फुटलेला. ‘झोप गेली परगावी, कोण तिला हाक लावी? डोळे माझे उघडे दार, वारा फिरतो आरपार.’ नर्सा तोंडावर हात धरून हसायच्या. हसून झाल्यावर गप्प व्हायच्या. शेवटी तो नळीत थुंकला, झाकण लावलं, आणि नळीवर एक आकडा चिकटला. प्रयोगशाळेत कुणाचं नाव घ्यायचं नाही असा नियम. तेव्हापासून तो तिथे ‘एकशे सात’.

आता त्याच आकड्याची नळी तिने खिडकीच्या उजेडासमोर धरली होती.

“नुसतं बघून दिसत असतं तर एवढं यंत्र कशाला पोसलं असतं आपण, मॅडम?” तंत्रज्ञ मागून म्हणाला.

“पुन्हा सांगा.”

“किती वेळा सांगू? तीनदा चालवलं. तुमचा एकशे सात बाई निघाला.”

तो स्वतःच हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं आणि हातमोजे काढायला घेतले.

उन्मादाच्या आजारावरचं ते औषध काही माणसांच्या अंगात फार वेळ मुरून राहतं. जन्मतःच मिळालेल्या एका जनुकापायी त्यांचं शरीर ते हळूहळू पचवतं. मग हात थरथरतात, जीभ जड होते, माणूस चालतो तेही चिखलातून चालल्यासारखा. अशांना निम्मीच मात्रा पुरेल, हे तिचं म्हणणं. बारा वर्षं तिने त्यासाठी हाडाची काडं केली होती. तीन वर्षांपूर्वी निम्म्या मात्रेवर सही करणारा पहिला माणूस एकशे सात. दर तीन महिन्यांनी त्याच्या घरून टपालाने फॉर्म यायचा आणि वर्षाकाठी लाळेची एक नळी. गेल्या तीन वर्षांचे फॉर्म वाचून जीव सुखावत होता. झोप छान. भूक बरी. कुणाशी भांडण नाही. त्याच्या भरवशावर आणखी एक्केचाळीस जणांची मात्रा तिने निम्मी केली होती. सोमवारी तिचा शोधनिबंध जायचा होता. जाण्यापूर्वी औषधाने जनुकांवर काय खुणा उमटवल्या ते पाहावं, म्हणून साठवलेल्या नळ्या आत्ता कुठे एकदम बाहेर काढल्या होत्या.

“नळ्या बदलल्यात तुम्ही,” ती म्हणाली. आवाज चढला होता.

“बावीस वर्षं झाली, मॅडम. घरी मी मिठाच्या डब्यात साखर घालतो, बायको रोज माझा उद्धार करते. पण इथं एक नळी इकडची तिकडं झालेली दाखवा.” मग खाली बघत तो म्हणाला, “एखादी असती तर मीही म्हटलं असतं, गेली असेल बदलून. तिन्ही वर्षांच्या तिन्ही नळ्या बाईच्या. एकाच बाईच्या.”

“कोणाच्या?”

त्याने कागद पुढे सरकवला.

डाव्या रांगेत पेंटरच्या जुन्या नळीतल्या खुणा, उजवीकडे नव्या नळीतल्या. जागेगणिक दोन-दोन खुणा, आणि प्रत्येक जागी दोहोंतली एक तरी जुळत होती. एकही जागा चुकली नव्हती. पंधरा वर्षं ती मुलांना हेच शिकवत आली होती. असं दोनच नात्यांत होतं: आपलं लेकरू, नाहीतर आपल्याला जन्म देणारं माणूस. पेंटरला मूलबाळ नव्हतं.

तिने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

मग एकशे सातची फाइल उघडली. जुन्या फॉर्मच्या समासांत मुंग्यांसारखी बारीक यमकं होती. ‘भूक लागते का?’ या प्रश्नापुढे ‘लागते, पण मागते कोण?’ असं लिहून त्याने चार ओळी जोडल्या होत्या. गेल्या तीन वर्षांचे समास मात्र कोरे. तेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. निबंधाच्या शेवटच्या पानावर तिनेच लिहिलं होतं: ‘मात्रा कमी केल्यानंतर रुग्णाचं यमकात बोलणं-लिहिणं पूर्ण थांबलं. सुधारणेचं हे लक्षणीय चिन्ह.’

‘लक्षणीय’ खाली रेघ होती. तीही तिनेच ओढलेली.

शेजारी फोनच्या नोंदी. ‘आई म्हणाली, कामावर गेलाय.’ अशा तीन, आणि प्रत्येकीपुढे हिरवी बरोबरची खूण. त्याचा आवाज ऐकू द्या, असं एकदाही म्हणावंसं वाटलं नव्हतं तिला. कामावर गेलेल्या माणसाला कशाला बोलवायचं!

दुपारी दोन तास गाडी हाकून ती पेंटरच्या गावात पोचली. खाली चपला शिवणाऱ्याचं दुकान, बाजूने अरुंद जिना. दारावर पिवळ्या अक्षरांत पाटी होती: ‘बेल एकदाच वाजवा. आई धावत येते, पडेल.’

तिने बेल एकदाच वाजवली.

म्हातारीने दार उघडलं, पण कडी हातातून सोडली नाही.

“तुम्ही? आणि स्वतः?”

“मावशी, पेंटर कुठे आहेत?”

“कामावर गेलाय.” शब्द असे सहज आले की जणू ओठांवरच ठेवलेले होते. मग म्हातारीने तिच्या खांद्यावरून खाली, रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. “या आत. उन्हातनं आलात. पाणी आणते.”

पाणी आलं. म्हातारी समोर बसली आणि पदराने टेबल पुसू लागली. टेबल कोरडंच होतं.

“मावशी, नळीत कोण थुंकतं?”

पदर टेबलावरून फिरत राहिला.

“तोंड कोरडं पडतं हो माझं हल्ली,” म्हातारी म्हणाली. “भरायला अर्धा तास लागतो.”

खाली चपलेवर हातोडी पडत होती. एक, दोन, मग थोडी उसंत, मग पुन्हा एक. डॉक्टरणीच्या हातातला पेला तसाच राहिला.

“कधी?”

“मार्चच्या नऊ तारखेला तीन वर्षं झाली. पाच रात्री पाठ टेकली नव्हती त्यानं. दुपारी कोपऱ्यावरच्या इमारतीची पाटी रंगवायला शिडीवर चढला. खालचा चपलावाला बघत होता. तो म्हणतो, शिडी संपली तरी तुमचा मुलगा चढतच राहिला.”

डॉक्टरणीने पर्सच्या आडून बोटं मोजली. त्याने सही केली होती त्याच वर्षी, जानेवारीच्या एकोणीस तारखेला. सात आठवडे. पुन्हा मोजली. सातच.

“मला कळवलं का नाहीत, मावशी?”

“कळवणार होते. कागद घेऊन बसलेही. तेवढ्यात तुमचं पाकीट आलं, त्याच्या नावाचं. बाकी सगळीकडनं नाव कमी होत चाललं होतं, बाई. जो तो दाखला मागायचा आणि नाव खोडायचा. तुम्ही मात्र विचारलं होतं, झोप कशी लागते?” ती थांबली. “मी लिहिलं, छान लागते. म्हटलं, यात खोटं काय आहे?”

डॉक्टरणीने पेला खाली ठेवला. तो टेबलाच्या कडेवर टेकला. म्हातारीने तो आत सरकवला.

“पुढचं पाकीट आलं, मग तेही भरलं. भूक बरी. भांडण नाही. भरताना तासभर तो घरात असल्यासारखं वाटायचं. ती त्याची वेडीवाकडी गाणी तेवढी जमेनात मला. दोनदा बसले. नाही जमली.”

“जाऊ दे, मावशी.”

“नाही, आलाच आहात तर ऐका. दुसरंही एक होतं. भीती वाटली तुमची.” म्हातारीने आपला उजवा हात उताणा केला आणि परक्याचा असावा तसा त्याच्याकडे पाहिलं. “गोळ्या ह्या हातानं द्यायचे मी. सकाळी एक, रात्री एक. नेम चुकला नाही, असं म्हणते खरी. पण औषध पुरतं होतं, तर आजार उलटला कसा? कुठंतरी माझ्याकडनंच राहिली असणार. तो गेल्यावर उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या. पुन्हा मोजल्या. हिशेब जुळतो आणि मन म्हणतं, तूच चुकलीस. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं ना, ‘मावशी, गोळ्या नीट दिल्यात का?’”

डॉक्टरणीच्या पर्समध्ये फोन थरथरला. “आलेच,” म्हणून ती बाहेर जिन्यावर गेली.

“मॅडम, त्या नळ्यांचं काय करू?” तंत्रज्ञाचा आवाज पडलेला होता. “परत एकदा लावू का?”

“नको. तुमच्याकडनं काही चुकलं नाही. मी उगाच बोलले.” तिने कठडा धरला. “नीट ऐका. ते एक्केचाळीस जण. आजच्या आज प्रत्येकाला फोन करा आणि बोलावून घ्या. निम्मी मात्रा बंद. आणि फोनवर त्या माणसाशी स्वतः बोला. आई, बायको, भाऊ, कुणीही सांगितलं तरी चालणार नाही. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.”

“आणि सोमवारचा निबंध?”

“तो जाणार नाही.”

“करतो, मॅडम. लगेच करतो.”

फोन बंद झाला. समोर जिना होता, खाली उन्हात तिची गाडी. सही करताना पेंटर हळूच म्हणाला होता, ‘निम्मं केल्याचं आईला नका सांगू. माझी गेलेली झोप येईल, आणि तिची जाईल.’ तिने मान हलवली होती. त्या बोलण्याला साक्षीदार दोनच. त्यातली ती एकटी उरली होती. नियमाने पाहिलं तर कागद तिच्या बाजूने होता. सही होती, तारीख होती, सगळं जिथल्या तिथे.

आत म्हातारी पेला विसळत होती.

ती परत आली आणि दार लोटून घेतलं.

“मावशी, बसा जरा.”

“आणि काय विचारायचं राहिलं? होतं ते सगळं सांगितलं मी.”

“तुमचं सांगून झालं. माझं राहिलंय.”

म्हातारीने ओले हात पदराला पुसले आणि बसली. डॉक्टरीण खुर्ची सोडून तिच्यापुढे जमिनीवर टेकली, आणि तो उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो अजून गार होता.

“तुमच्या हातून एकही गोळी राहिली नाही,” ती म्हणाली. “त्या जानेवारीपासनं गोळीच निम्म्या ताकदीची होती. ती मी दिली होती.”