फेऱ्यांचा आकडा

"ताई, आज सही केलीस तर नववा मजला. उद्या आलीस तर नशीब तुझं," असं म्हणत मिस्त्रींच्या मेहुण्याने पेन पुढे केलं.

नवव्या मजल्यावरच्या, गिऱ्हाइकांना दाखवायच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर मिस्त्रींची बायको अवघडून टेकली होती. सोफ्यावरचं प्लॅस्टिकही अजून कोणी काढलं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षं इस्पितळात लोकांची आजारपणं काढून बायकोने फंड साठवला, आणि हा तिचा सख्खा भाऊ, परवापर्यंत जुन्या गाड्या विकणारा, आज फ्लॅटचा दलाल होऊन त्याच फंडावर डोळा ठेवून बसला होता.

"पंच्याण्णव टक्के विकून झालेत, भावोजी. घरबसल्या भाडं. जमिनीला मरण नाही!"

"नवव्या मजल्यावर कुठली रे जमीन?"

"तुम्हाला त्यातलं काय कळतंय? तुम्ही आपली लिफ्ट बघा."

"तीच बघतो." मिस्त्रींनी खिशातून वही काढली. या इमारतीच्या दोन्ही लिफ्टचं काम त्यांच्याच कंपनीकडे होतं. दर महिन्याला वर मशीनच्या खोलीत जायचं, तेलपाणी करायचं आणि लिफ्टने किती फेऱ्या मारल्या तो आकडा टिपून आणायचा, हा कुठल्याही इमारतीत त्यांचा तीस वर्षांचा नेम. माणसं थापा मारतात, जाहिराती तर मारतातच. त्या आकड्याला थापा मारता येत नाहीत, म्हणून मिस्त्रींचा त्याच्यावर जीव.

"गेल्या महिन्यात दोन्ही मिळून चारशे दहा फेऱ्या. फ्लॅट एकशेवीस. माणसं राहत असती तर एवढ्या दुपारपर्यंतच झाल्या असत्या. त्यातही निम्म्या तुझ्या असतील, गिऱ्हाइकं वर-खाली करतोस त्या!"

मेहुणा हसला. "अहो, घेणारे सगळे गुंतवणूकवाले. ते कशाला राहायला येतील?"

बायकोने मान वर केली. "मग मला भाडेकरू कुठून मिळणार रे? सगळेच द्यायला बसलेत, तर घेणार कोण?"

मेहुण्याची बोबडी वळली. दोन वर्षं थांब, मोठा रस्ता होणार आहे, असं काहीबाही तो बोलत राहिला. बायकोने पेनाला टोपण लावलं. "पाठचा भाऊ म्हणून ऐकत होते. बहिणीलाच शेंडी लावतोस? लाज नाही वाटत?"

मिस्त्रींना आनंद झाला, आणि तो त्यांना लपवता आला नाही. "मी कधीचा सांगतोय! भाड्यासाठी घर घ्यायचं तर डोकं शांत ठेवायचं, आधी भाडेकरू मोजायचे..."

"तुम्ही तर बोलूच नका!" बायको कडाडली. "बावीस वर्षांपूर्वी इस्पितळामागच्या दोन खोल्या पसंत केल्या होत्या मी. तुम्ही कागद घेऊन बसलात. हप्त्यापेक्षा भाडं स्वस्त म्हणालात."

"हिशेब बरोबरच होता गं."

"होताच! तुमचा कधी चुकलाय? सात वेळा बिऱ्हाड उचललं मी. रात्रपाळी करून यायचं आणि भांडी बांधायला घ्यायची. भिंतीत एक खिळा ठोकला म्हणून त्या मालकिणीनं चार माणसांत माझी शोभा केली. ते कुठल्या रकान्यात धरलं होतंत?"

"राहायला घर हवं होतं तर तसं सांगायचं होतंस. त्याचा हिशेब वेगळा मांडला असता."

"विचारलंत कधी?"

ती पर्स उचलून बाहेर पडली. मिस्त्रींनी धावत जाऊन लिफ्ट बोलावली, दार हाताने अडवून धरलं. तिने लिफ्टकडे पाहिलंही नाही, सरळ जिना धरला. नऊ मजले, आणि गुडघे असे कामातून गेलेले.

"अगं, पाय दुखतील!"

ती उतरतच राहिली. मिस्त्रींना स्वतःचा इतका संताप आला की त्यांनी दार सोडून दिलं आणि ते तिच्या मागोमाग उतरू लागले.

सहाव्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसून गुडघा चोळत होती. मिस्त्री दोन पायऱ्या वर थांबले. तिने मागे वळून पाहिलं नाही, सरकून जागाही केली नाही. थोड्या वेळाने ती कठडा धरून उठली आणि उतरायला लागली. तेही उतरले, दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून.