'न'चा खण

आसावरीनं 'न'च्या खणात बोटं घातली, तर नखांना लाकूड लागलं. तिनं कोपरे चाचपले. धुळीबरोबर छपाईच्या अक्षराचा एक खिळा हाताला आला, उजेडात धरून पाहिला तर तो 'म' निघाला.

"संपले," ती म्हणाली.

"काय संपला गो बाय?" स्टुलावर बसलेल्या धोंडुबाईंनी विचारलं. विचारलं म्हणजे नुसता श्वास सोडला. दिवाळीत त्यांचा आवाज बसला होता, तो माघ आला तरी उठायचं नाव घेत नव्हता. पेणच्या डॉक्टरांनी तर गाण्याचं नावच काढू नका म्हणून बजावलं होतं.

"न संपले, आजी. आठातली पाच पानं जुळली, तीन राहिली, आणि खणात एक न नाही."

धोंडुबाईंच्या शेजारी उभी असलेली त्यांची नात किमया एकदम म्हणाली, "लगीन परवा हाय, ताई."

लग्न तिचंच होतं. वडखळच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव. त्या गावात भटजीबुवा उशिरा आले तरी चालायचं, पण लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीवाचून लग्न अडायचं. हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ठरलेला, आणि ते सगळे धवले धोंडुबाईंच्या गळ्यात. मिठागरात दिवसभर उन्हात राबून आलेली ही बाई रात्री मांडवात गायला बसली की आजूबाजूच्या गावांतून माणसं ऐकायला यायची. आता गळाच गेला होता. गावातल्या मुलींना वाचता यायचं, चालही कानावर होती, पण शब्द कुणालाच पुरते येत नव्हते. किमयाचा भाऊ प्रवीण तर म्हणालाही होता, "कॅसेट लावू ना आजी, पेनला झकास भेटते." त्या दिवशी धोंडुबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी धवले उतरवून घ्यायला किमयाला वही घेऊन समोर बसवलं.

रोह्याच्या या छापखान्यात माणसं आपलं पुस्तक आपणच छापतात, ही बातमी किमयानं कुठूनशी आणली होती. बातमी खरी होती. पेणला संगणकावर लग्नपत्रिका निघू लागल्या, तसं नीलकंठनानांच्या, पायानं दाबायच्या पायट्याच्या छपाईयंत्राला काम उरलं नाही. नाना ते भंगारात घालायला तयार नव्हते आणि चालवायला गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा त्यांच्या सुनेनं, आसावरीनं, दर रविवारी कार्यशाळा सुरू केली. रीत साधी. कागद एकच, छापायचा एकदाच, मग घड्या घालून मधे एक काप दिला की आठ पानांचं पुस्तक. लिहिणाऱ्यानं निदान एक ओळ तरी स्वतः खिळे जुळवून बसवायची, एवढी एकच अट.

आणि लोक आले! कोलाडच्या खानावळवाल्यानं गिऱ्हाइकांच्या तऱ्हांवर लिहिलं, आणि ज्यांच्यावर लिहिलं त्यांनाच ते विकलं. कंपनीत रात्रपाळी करणारा हिरामण झोपेवर कविता घेऊन आला, खिळे जुळवताना खरोखरच पेंगला. नदीपलीकडच्या अष्टमीतल्या एका निवृत्त पोस्टमननं गावातल्या कुत्र्यांची चरित्रं छापली. आसावरी प्रत्येकाच्या पुस्तकाची एक प्रत भिंतीवरच्या दोरीला लटकवून ठेवायची. त्या दोरीकडे बघितलं की तिचा ऊर भरून यायचा.

नानांना हा उद्योग आवडला होता, पण त्यांच्या हातातली निळी पेन्सिल काही सुटत नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी तालुक्याचं मराठी तपासलं होतं. मंत्र्याच्या भाषणातला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा त्यांनी सोडला नव्हता, तर हिरामणाचा कुठून सोडणार?

"न संपायला झालं काय?" समोरच्या मेजावरून ते म्हणाले. "आठ पानांना पुरून उरतात."

"नाना, आजींच्या बोलीत 'घरात' नाही, 'घरान' आहे. 'मांडवान', 'अंगनान'. आणि जिथे तुमचा-माझा ण, तिथेही न. हे बघा." तिनं वही पुढे केली.

*मांडवान कोन गो, अंगनान कोन गो,*
*पान्यान चांदनी हासली*

किमयानं आधी शाळेच्या सवयीनं 'पाण्यात' लिहिलं होतं, 'हळद' लिहिलं होतं. आजीनं बोट ठेवून एकेक शब्द खोडायला लावला होता. वहीभर त्या खाडाखोडी दिसत होत्या.

"मग सोपं आहे," नाना म्हणाले. "ण आणि ळ खणात भरून पडलेत. कोण, अंगण, चांदणी. शुद्ध लिहा, खिळे पुरतील. दोन कामं एकदम होतील."

आसावरीनं आधी दुसरी वाट धरून पाहिली. अर्ध्या न्‌ला काना जोडून तिनं न तयार केले आणि एका ओळीचं प्रूफ काढलं. प्रत्येक न मधोमध चिरलेला उमटला.

धोंडुबाईंनी तो कागद जवळ धरला, लांब धरला. "फुटका दिसतंय गो," त्या म्हणाल्या. "लग्नाचा हाय ना. फुटका नको."

जुळलेली पाच पानं आधी छापून घेऊन त्यांचेच खिळे सोडवून पुन्हा जुळवायचे, तर आणखी दोन दिवस हवेत. परवा हळद, लग्न सगळं एकदम. आसावरीनं घड्याळाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात हार मानली. नानांनी सांगितल्याप्रमाणे तिनं एक ओळ ण घालून जुळवली, शाई लावली, कागद दाबला आणि धोंडुबाईंच्या हातात दिला. साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेली ती बाई ओळीखालून बोट फिरवत वाचू लागली. ओठ हलले. बोट 'अंगणात'वर थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथेच थांबलं.

"छान झालाय," त्या हळूच म्हणाल्या. "पन ह्या मी नाय बोलले."

नानांच्या हातातली पेन्सिल थांबली.

आसावरीचीही मान आपोआप वर गेली, यंत्राच्या वरच्या फळीकडे. तिथे दोन पानांचा जुळवलेला मजकूर जांभळ्या सुती नाडीनं बांधून ठेवला होता. तो तिच्या सासूबाईंचा, आनंदीबाईंचा. कुंडलिका नदीच्या काठच्या आपल्या लहानपणाविषयी त्यांनी एकदा नवऱ्याला सांगितलं आणि नानांनी ते हौसेनं जुळवलं, अर्थातच शुद्ध करून. प्रूफ वाचून आनंदीबाई म्हणाल्या होत्या, "छान झालंय. पण हे मी नाही बोलले." झालं, तेवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. नानांनी तो मजकूर छापलाही नाही आणि सोडून त्याचे खिळे खणात परत टाकलेही नाहीत. दोरी सापडेना, तेव्हा आनंदीबाईंनीच परकराची नाडी काढून दिली होती. हे सगळं त्यांनी आसावरीला हसत हसत सांगितलं होतं. त्या गेल्या, त्यानंतर दर दसऱ्याला यंत्राची पूजा झाली की नाना एक झेंडूचं फूल त्या फळीवरही ठेवत.

"वही द्या मना," धोंडुबाई म्हणाल्या. "न्हेतो आमी परत. तुमी लय केलात बाय, तुमचा काय चुकला नाय."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण आवाज गेलेली, नातीचं लग्न दोन दिवसांवर आलेली ही बाई एका अक्षरावरूनही हटायला तयार नव्हती. आसावरीला तिच्यापुढे वाकून नमस्कार करावासा वाटला, आणि आपल्याला काहीच करता येत नाही म्हणून रडूही आलं.

"वही असू दे इथेच," नाना म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "आसावरी, यांना घरी ने आणि जेवायला वाढ. उपाशी कुठे पाठवतेस माणसांना?"

"आणि तुम्ही?"

"मला भूक नाही. दार लोटून घे."

जेवणं झाली. धोंडुबाईंनी ताकभात तेवढा खाल्ला. तिघी परतल्या तेव्हा नाना मेजाशी उभे होते, बाह्या सरसावलेल्या, बोटं काळी. उरलेली तीन पानं निम्म्याहून जास्त जुळली होती. 'न'च्या खणात बोट घालायची गरज नव्हती, खिळे वरूनच दिसत होते.

"कुठे मिळाले?" आसावरीनं विचारलं.

"सापडले," नाना म्हणाले. "बघत काय राहिलीस? ती खालची ओळ घे. आणि आजी, पहिल्या पानावरची पहिली ओळ तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय. ती तुम्हीच बसवायची, इथला नियम आहे."

धोंडुबाईंनी एकेक खिळा चिमटीत धरून बसवला. 'कोन' बसवताना त्यांनी नानांकडे एकदा पाहिलं. नानांनी मान डोलावली.

प्रूफ निघालं. एकही न फुटका नव्हता. धोंडुबाईंनी ते किमयापुढे धरलं.

"बोल."

"माज्याच लग्नाचा मीच बोलू?"

"परूफ हाय, लगीन नाय. बोल."

किमया लाजत लाजत गाऊ लागली. दुसऱ्या ओळीला चाल चुकली, तेव्हा धोंडुबाईंनी मेजावर बोटांनी ठेका धरला आणि पोरगी पुन्हा रुळावर आली. पायट्यावर पाय ठेवून नाना ऐकत राहिले. निळी पेन्सिल त्यांच्या कानावर होती, तिला त्यांनी हात लावला नाही.

संध्याकाळच्या एस.टी.नं आजी-नात पुस्तकांचा गठ्ठा घेऊन गावी गेल्या. आसावरीनं एक प्रत भिंतीवरच्या दोरीला लटकवली आणि खिळे सोडून खणात टाकायला बसली.

"पहिलं पान सोडू नकोस," नाना मागून म्हणाले. "बांधून ठेव."

त्यांनी पुढे केलेल्या हातात जांभळी नाडी होती. आसावरीनं वर पाहिलं. फळीवर दसऱ्याचं वाळलेलं झेंडूचं फूल तेवढं होतं.

तिनं नाडी हातात घेतली. मग म्हणाली, "रविवारी लोक यायचे आहेत, नाना. न कमी पडतील."

"पडू देत," नाना म्हणाले. "ण आहेत की खणभर. ते वापरा म्हणावं."

आसावरीनं नाडीचं एक टोक कोपऱ्याशी दाबून धरलं आणि पानाभोवती पहिला वेढा घातला.