हेराल्डची एक खोट

वस्तू हातात ठेवण्याआधी तिची खोट देणाऱ्यानंच सांगायची, हा मद्रासजवळच्या तांबरमच्या बाजाराचा कायदा होता. घेणाऱ्यानं विचारायचं नाही. विचारलं तर तो देणाऱ्याचा अपमान. कार्बोरेटर असो की दाराची कडी, देणारा म्हणायचा, हे इथं गळतं, ह्याचा आटा झिजलाय. घेणारा वस्तूवर हात ठेवून म्हणायचा, "तेरिंजुदु." म्हणजे कळलं. एवढा शब्द पडला की व्यवहार पुरा, मग पुढं काही झालं तरी तक्रार नाही. पैशाचं नाव काढायचं नाही, वस्तूला वस्तू. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका शाळेच्या मैदानात ताडपत्र्या पसरून जुन्या गाड्यांचे वेडे हा उद्योग करत आले होते, आणि त्या वेड्यांमधले सगळ्यात कडक कायदेपंडित म्हणजे शेषगिरीराव.

शेषगिरीराव तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि राग आला की दोन्ही एकदम. बंदराच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांची गाडी म्हणजे मद्रासातच तयार झालेली फिकट निळी हेराल्ड. लग्नाच्याही आधी घेतलेली, म्हणून त्यांच्या पत्नी गोदाबाई तिला 'तुमची थोरली' म्हणत. एकदा एका माणसानं जळका डायनामो काही न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारला, तेव्हा शेषगिरीरावांनी भर मैदानात त्याची ताडपत्री स्वतः गुंडाळून त्याच्या काखेत दिली होती. खोट लपवणारा चोरापेक्षा वाईट, चोर निदान तोंड तरी लपवतो, असं ते म्हणाले होते. तो माणूस पुन्हा आला नाही. हे वाक्य पुढं बाजारात म्हणीसारखं चालायचं आणि ते ऐकताना शेषगिरीरावांची छाती फुगायची.

बाजार आता नावाला उरला होता. म्हातारे एकेक करून गेले. वादिराजाकडे हेराल्डच्या सुट्या भागांनी भरलेली अख्खी खोली होती. तो गेला आणि त्याच्या मुलांनी तेराव्याच्या आत सगळं भंगारात वजनावर घातलं. नवी मंडळी यायची, नाही असं नाही, पण त्यांना स्टिअरिंग हवं असायचं ते भिंतीवर घड्याळ करायला आणि हेडलाइट टेबलावरच्या दिव्यासाठी. ताडपत्र्यांच्या जागी टी-शर्टांचे आणि फिल्टर कॉफीचे स्टॉल आले. प्रदर्शनांचीही तीच तऱ्हा. पूर्वी लोक गाडीखाली वाकून बघायचे, बॉनेट उघडायला लावून तासभर वाद घालायचे. आता गाड्या ट्रेलरवर बसून येतात, हारतुरे घालून घेतात, पोरीबाळी त्यांना टेकून फोटो काढतात आणि परीक्षक रंगाची चमक बघून बक्षीस देतात. गर्दी पूर्वीपेक्षा दसपट. खाली वाकणारा मात्र एक नाही.

आणि शेषगिरीरावांची अडचण नेमकी खालीच होती.

हेराल्डच्या पुढच्या चाकाला एक उभा दांडा धरून असतो. तो खाली पितळी ठोकळ्यात आट्यांनी बसतो, आणि त्या आट्यांना तेल लागतं, ग्रीस चालत नाही. ग्रीस आत घट्ट होऊन बसतं, पाणी अडवतं, दांडा आतून गंजत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. हेराल्डवाल्याला हे नावासारखं पाठ असतं. शेषगिरीराव जन्मभर स्वतः गाडीखाली शिरून तेल घालत आले. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खाली शिरणं संपलं. मग रस्त्यावरच्या एका धुलाईवाल्याकडे गाडी दिली. त्यानं दिसेल त्या भोकात ग्रीस भरलं, तसं तो सगळ्याच गाड्यांत भरतो. हे शेषगिरीरावांच्या लक्षात आलं तोवर दोन पावसाळे उलटले होते.

दांडा उघडून बघायला हवा होता. पण उघडला आणि गंजलेला निघाला तर बदलायचा कुठून? वादिराज असता तर एका रविवारात काम होतं. पुदुपेट्टैच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारलं तर लोक हसले. ज्या वस्तूचा दिवा होत नाही की घड्याळ होत नाही, ती कोण जपून ठेवणार? शेषगिरीरावांनी दांडा उघडलाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गाडी भाड्याच्या शेडमध्ये उभी ठेवली आणि रविवारी सकाळी तेवढी गल्लीतून माणसाच्या चालीनं फिरवून आणू लागले. रोज संध्याकाळी गोदाबाईंना मात्र त्या दांड्याचं रडगाणं ऐकावं लागे.

मग शेडची जागा विकली गेली. पोंगलच्या आत गाडी हलवा, असा निरोप आला. मद्रासच्या दक्षिणेला, कोवलमच्या रस्त्यावरचा एक हॉटेलवाला गाडी बघायला आला, खिशातून टेप काढून त्यानं तिची मापं घेतली आणि खुशीत सांगितलं की मधोमध कापून पुढचा भाग काउंटरच्या भिंतीत बसवायचा, लोक फोटो काढतील. त्या दिवशी शेषगिरीराव जेवले नाहीत. आपण गेल्यावर गाडी गेली तर चाललं असतं. पण आपल्या डोळ्यांदेखत तिला करवत लागणार, हे त्यांना सोसवेना.

अशा वेळी मंदार आणि स्वरदा आली. मंदार पुण्याचा, ओरगडमच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर; त्याची बायको स्वरदा सॉफ्टवेअरमध्ये. बाजारात शेषगिरीराव रामूर्तीशी, म्हणजे जुनी मॉरिस गाडी बाळगणाऱ्या त्यांच्या राममूर्ती नावाच्या मित्राशी, तमिळमध्ये भांडता भांडता मराठीत घसरले आणि मागून कुणीतरी "तुम्ही मराठी?" म्हणालं. त्यानंतर दोघं दर रविवारी घरी येऊ लागली. स्वरदा त्यांच्या 'जालं' आणि 'तुम्हांस'ला हसायची आणि शेषगिरीराव तिच्या 'ऑलरेडी'ला हसायचे. मंदार बॉनेटमध्ये डोकं घालून बसे. स्वरदा टूथब्रश घेऊन डॅशबोर्डच्या लाकडातली घाण काढी आणि मधेच स्वयंपाकघरात जाऊन गोदाबाईंकडून सांबारभात शिकून येई. मूल नसलेल्या त्या घराला ह्या दोघांचा फार लवकर लळा लागला. गाडी आम्ही घेऊ, तुकडे न करता चालती ठेवू, असं मंदारनंच एक दिवस सांगितलं. शेषगिरीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

देण्याच्या दिवशी बाजाराच्या रिवाजाप्रमाणे मंदारनं बॉनेटवर हात ठेवला. शेषगिरीरावांनी एकेक खोट सांगायला घेतली. डावी काच अर्ध्यात अडकते. दुसरा गिअर कुरकुरतो. पावसात हॉर्न बसतो. पेट्रोलचा काटा खोटारडा आहे. प्रत्येक खोटीला मंदार हसत "कळलं" म्हणत होता. आता दांडा. तो शब्द ओठांशी आला आणि त्यांची नजर स्वरदाकडे गेली. ह्या दोघांत जपून पावलं टाकणारी तीच होती. दांड्याचं ऐकलं तर ती मंदारला गाडी घेऊ देणार नाही, आणि मग टेपवाला येईल. शेषगिरीराव गप्प झाले.

त्या गप्पपणातच स्वरदानं विचारलं, "काका, गाडी सेफ आहे ना तशी? चालवायला?"

तिला बिचारीला कायदा माहीत नव्हता. शेषगिरीरावांनी भुवया चढवल्या. "आमच्या बाजारांत विचारायचं नसतं, पोरी. जे सांगायचं तें देणारा सांगतो."

स्वरदानं जीभ चावली, कान धरले, माफी मागितली. मंदार तिला हसला. शेषगिरीरावांनी किल्ली तिच्याच हातात दिली आणि वर म्हणाले की दांड्याला तेल घाला, ग्रीस नको, आणि चाळिसाच्या वर नेऊ नका. दोघांना वाटलं, म्हाताऱ्याची माया. ज्या माणसानं दुसऱ्याची ताडपत्री गुंडाळली होती, त्यानं त्या दिवशी बाजाराचा कायदा पांघरून आपली खोट झाकली. आपला तो बाब्या, ही म्हण काय उगाच पडली आहे?

संध्याकाळी गोदाबाईंनी विचारलं, दांड्याचं सांगितलंत ना? सांगितलं, म्हणाले. दुसरा दांडा मिळाला की आपणच नेऊन बसवू, कुणाला कळायचंही नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. कोइंबतूरला निरोप पाठवले, रामूर्तीचा पिच्छा पुरवून त्याला शोधायला लावलं. दांडा मिळाला नाही.

पोंगलनंतर कोवलमला समुद्राकाठी मोठं प्रदर्शन जाहीर झालं आणि मंदारनं हेराल्डचं नाव दिलं. शेषगिरीरावांनी हे ऐकताच गाडी ट्रेलरवरून न्यायचा हट्ट धरला.

मंदार हसला. "काका, तुम्हीच म्हणता ना, ट्रेलरवरून येते ती गाडी नव्हे, मूर्ती."

म्हणाले होते खरे, शंभर वेळा. तेव्हाही सांगता आलं असतं. पण इतके दिवस का सांगितलं नाही, हा प्रश्न आता त्या खोटीहून मोठा झाला होता. सावकाश या, एवढंच ते म्हणाले.

प्रदर्शनाच्या सकाळी रामूर्ती त्यांना मॉरिसमधून कोवलमला घेऊन गेला. मांडवात पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. लाउडस्पीकर चालू होता, वर ड्रोन घोंगावत होता, झेंडूच्या माळांतून परदेशी गाड्या झळकत होत्या. हॉटेलवालाही भेटला, त्याला दुसरी एक गाडी कापायला मिळाली होती. शेषगिरीराव फाटकाकडे डोळे लावून बसले. हेराल्डची घोषणा झाली, गाडी आली नाही. थोड्या वेळानं पुन्हा झाली. मग रामूर्तीचा फोन वाजला. तो ऐकत ऐकत मांडवाबाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्यानं शेषगिरीरावांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं.

वाटेतल्या मुट्टुक्काडच्या पुलाच्या अलीकडे हेराल्डचं डावं चाक आत दुमडलं होतं. गाडी डावीकडे ओढली गेली आणि कडेला उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर जाऊन आदळली. त्या बाजूला स्वरदा बसली होती. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. दवाखान्याकडे जाता जाता शेषगिरीरावांना गाडी दिसली. लोक भोवती उभे राहून फोन उंच धरत होते, आणि कधी नव्हे ते दोघं-तिघं खाली वाकून चाकाकडे बघत होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मंदार बाकावर बसला होता. एक हात गळ्यात बांधलेला, शर्टावर रक्त, ते त्याचं नव्हतं. पुण्याहून दोन्ही घरची माणसं निघाली होती. शेषगिरीरावांना बघून तो उठू लागला तर त्यांनीच त्याला बसवलं.

"माझी चूक आहे, काका," मंदार म्हणाला. "परवा शोसाठी गाडी पॉलिशला दिली होती. तिथं त्यांनी खाली ग्रीस भरलं. आज सकाळी कळलं मला. तुम्ही सांगितलं होतं, तेल घाल. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. मी मारलं तिला."

रामूर्तीनं मान वर करून शेषगिरीरावांकडे पाहिलं. दोन दिवसांच्या ग्रीसनं दांडा तुटत नाही. तो गंज वर्षांचा असतो, हे तिथं उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांना ठाऊक होतं आणि तिसऱ्या कुणालाही नव्हतं. गप्प राहिलं असतं तर कुणी कधी विचारलं नसतं. शेषगिरीरावांच्या मनात ते आलं. क्षणभर का होईना, सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच त्यांना स्वतःची शिसारी आली. हा पोरगा आपलं पाप जन्मभर स्वतःचं म्हणून वाहणार होता.

ते त्याच्यासमोर उभे राहिले. बाजारात उभे राहायचे तसे, हात जोडून नाही, खाली सोडून.

"डाव्या दांड्याला गंज होता," ते म्हणाले. "दोन पावसाळ्यांचा. मज ठाऊक होतं. तुला गाडी दिली तेव्हां सांगितलं नाही. तुझ्या ग्रीसनं कांहीं जालं नाही, बा. खोट माझी."

मंदारला समजायला वेळ लागला. आतून कुणीतरी कागदावर सही करायला बोलावलं, तरी तो हलला नाही.

"स्वरदानं तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

मंदार उठला, आणि बांधलेला हात दुसऱ्या हातानं सांभाळत व्हरांड्याच्या पार टोकाच्या बाकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. रामूर्ती हळूच म्हणाला, चल, आता जाऊ. शेषगिरीराव हलेनात. खोट सांगून झाली होती, आणि आता घेणाऱ्यानं कळलं म्हणायचं असतं. ते तिथं उभेच राहिले, पुण्याची माणसं येईपर्यंत. मंदारनं तो शब्द उच्चारला नाही.