मधले दोन टक्के

करसल्लागाराने त्याची फाईल मिटली. "बँकेकडून अकरा टक्क्यांनी पैसे घेतलेत, बहिणीच्या दुकानाला तेराने दिलेत. तुमच्या मते उत्पन्न दोन टक्के. आयकर खात्याच्या मते तेरा."

"पण अकरा बँकेच्याच घशात जातात ना!"

"तेच पैसे तिकडे वळवले, हे सिद्ध करा. दुकानाच्या मालकिणीची सही आणा, उद्यापर्यंत. नाहीतर सगळ्या व्याजावर कर, वर दंड."

त्याचे राहते घर बँकेकडे गहाण होते. एवढा कर भरला तर हप्ते थकणार. पुढचा विचार त्याला करवेना.

मालकीण म्हणजे त्याची धाकटी बहीण. व्यवहार मात्र मेहुण्याशी ठरला होता. "दादा, तिला व्याजाचं बोलू नका," मेहुणा म्हणाला होता. आणि त्यालाही ते मौन सोयीचे वाटले होते.

चष्म्याच्या दुकानात ती भिंग घासत होती. यंत्राची बारीक किरकिर त्याच्या दातांत उतरत गेली.

"ये रे दादा! चेहरा का असा उतरलाय? वहिनीने घराबाहेर काढलं की काय?"

तो हसला नाही. त्याने कागद पुढे केला. तिने हात पुसले, यंत्र बंद केले. आता शांततेलाच धार आली.

"दोन वर्षं भरतोय आम्ही," ती वाचता वाचता म्हणाली. "पाव हिस्सा तरी फिटला असेल." मग तिचे बोट एका ओळीवर थांबले. "मुद्दल बाकी... पूर्ण?"

"ते व्याज होतं."

"बँकेचं?"

"बँकेचं अकरा."

"आणि वरचे दोन?"

"जोखीम असते गं."

"कुणाची? माझी?"

समोर डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरे खाली खाली लहान होत गेली होती. शेवटची ओळ त्याला लागेना. तिने सही केली, ठसठशीत.

"याची एक प्रत मला लागेल. व्याज हा माझ्याही धंद्याचा खर्च आहे. माझाही कर वाचेल."

"हो, देतो. ऐक ना, मी..."

"गिऱ्हाईक उभं आहे, दादा."

घर वाचले होते. दिवसभर छातीवर बसलेले ओझे उतरायला हवे होते. ते उतरले नाही, फक्त बूड बदलून बसले. तो दारापाशी पोचला तेव्हा तिने मागून हाक मारली.

"यंदा तुझे डोळे तपासायचे राहिलेत. सवडीने ये."

तो आशेने वळला.

तिने यंत्र सुरू केले होते. "फी लागेल मात्र," ती मान वर न करता म्हणाली.